पोट बघितलंस का?

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी पावणेआठला तानसाच्या जंगलात वाळक्या ऐनाच्या फांदीवर एक छोटं घुबड दिसलं आणि मी वहीत ‘वनपिंगळा’ असं लिहून टाकलं. पुढचे अडीच महिने तो शब्द आधी खोडण्यात आणि मग पुन्हा लिहिण्याजोगा पुरावा गोळा करण्यात गेले.

आम्ही दोघंच होतो, मी आणि जवळच्या पाड्यावरचे एक दादा. ते वनखात्याकडे पाणवठ्यांच्या गणनेला जातात, त्यामुळे कुठली पायवाट कुठे निघते ते त्यांना झोपेतही सांगता येईल. कसाऱ्याकडे जाणाऱ्या पहिल्या गाड्यांपैकी एकीने आटगावला उतरायचं, दादांच्या मोटारसायकलवर मागे बसायचं आणि उजाडता उजाडता जंगलात शिरायचं, असा आमचा चार हिवाळ्यांचा शिरस्ता. तानसा म्हटलं की मुंबईकरांना तलाव आठवतो, नळाला येणारं पाणी आठवतं. त्या तलावाभोवतीचं साग, ऐन, कळंब, धावडा, मोह यांचं पानगळी रान मात्र फार थोड्यांनी पाहिलंय.

त्या सकाळी कोतवालाने आधी गिल्ला केला. मग बुलबुल जमले, मग सुभग, चष्मेवाले, एक शिलींध्री. इतकी बारकी पाखरं एका झाडाभोवती ओरडायला लागली की मध्ये साप असतो, शिक्रा असतो नाही तर घुबड. आम्ही हळूहळू पुढे सरकलो. उगवत्या सूर्यासमोर गोल डोक्याची काळी आकृती. दुर्बिणीत डोकं एकसारखं गडद दिसलं, एकही ठिपका नाही. माझे हात थरथरत होते. सहा-सात फोटो काढले, तोवर ते उडून सागात शिरलं.

डोक्यावरच्या ठिपक्यांवरून एवढी धाकधूक का, ते सांगायला हवं. आपल्याकडे पानगळीच्या रानात चटकन एकमेकांसारखी वाटणारी तीन छोटी घुबडं आहेत. पहिला साधा पिंगळा. गावात, वाड्याच्या भिंतीत, आंब्याच्या ढोलीत राहणारा, सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी असते. दुसरा रानपिंगळा. तो अंगभर बारीक आडव्या पट्ट्यांचा, जणू पट्टेरी शाल पांघरून बसलेला. आणि तिसरा वनपिंगळा. नावं इतकी जवळची आहेत की नवख्या माणसाचा हमखास घोळ होतो, पण पक्षी निराळा आहे. वनपिंगळ्याचं डोकं आणि पाठ जवळजवळ कोरी, राखट तपकिरी. डोकं शरीराच्या मानाने मोठं. छातीवर गडद तपकिरी रंग भरीव, बाजूंना आडवे पट्टे आणि पोटाचा मधला खालचा भाग स्वच्छ पांढरा. शेपटीवर आणि पंखांवर रुंद, ठसठशीत पांढरे पट्टे. पाय जाड, पांढऱ्या पिसांनी मढवलेले, नख्या दणकट. लांबी पिंगळ्याहून दोनच सेंटिमीटरने जास्त, पण वजन त्याच्या जवळजवळ दुप्पट.

आणि तो फक्त मध्य आणि पश्चिम भारताच्या काही भागांतच सापडतो, जगात इतरत्र कुठेही नाही. एका अंदाजाप्रमाणे प्रौढ पक्ष्यांची संख्या हजाराच्याही आतच आहे.

संध्याकाळी घरी आल्याबरोबर मी फोटो मावशींना पाठवले. मावशी माझ्या नात्यातल्या नाहीत. आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटातल्या त्या सगळ्यात ज्येष्ठ, गटातले सगळेच त्यांना मावशी म्हणतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी तोरणमाळ आणि मेळघाटात वनपिंगळे पाहण्यात कितीतरी हिवाळे घालवलेत. मला वाटलं, लगेच अभिनंदनाचा फोन येईल. फोन आला, पण पहिलाच प्रश्न होता, “पोट बघितलंस का?”

पोट मी पाहिलंच नव्हतं. माझं सगळं लक्ष डोक्यावर.

“फोटो उजळ कर,” त्या म्हणाल्या. “सावल्या वर घे आणि मग सांग.”

केलं. काळ्या आकृतीतून हळूहळू घुबड वर आलं. कपाळावर बारीक पांढरे ठिपके होते. मानेवर होते. पाठीवर तर नुसते शिंपडल्यासारखे. छातीपासून पोटापर्यंत मधोमध तपकिरी खुणा उतरत गेलेल्या, पांढरा कोरा भाग कुठेच नाही. तो आपला नेहमीचा पिंगळा होता, सूर्यासमोर बसलेला. पाहण्याआधीच मी ठरवून बसले होते आणि उजेडाच्या खोटेपणाने माझ्या मनासारखं दाखवलं.

“प्रकाशाविरुद्ध कुठल्याच डोक्यावर ठिपके दिसत नाहीत,” मावशी म्हणाल्या. “उन्हाळ्यात पिसं झिजली की जवळूनसुद्धा पुसट होतात. म्हणून डोक्यावर कधी भिस्त ठेवायची नाही. आधी पोट, मग शेपूट, मग पाठ, आणि डोकं सगळ्यात शेवटी.”

मी वहीतला शब्द खोडला, पण वाचता येईल असा खोडला. खोडलेली नोंदही ठेवायची, हे त्यांनीच शिकवलेलं.

चुकीची नोंद म्हणजे एका माणसाची चूक, तिने कुणाचं काय बिघडतं, असं मला पूर्वी वाटायचं. वनपिंगळ्याची गोष्ट कळल्यावर ते वाटेनासं झालं. १८७२ साली एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडच्या भागात हा पक्षी पहिल्यांदा मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचं वर्णन करून ब्लेविट यांचं नाव त्याला दिलं. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपण शाळेत ज्यांचं नाव पाठ केलं तेच हे ह्यूम. भारतीय पक्ष्यांवर त्यांनी केलेलं काम प्रचंड आहे आणि शाळेत ते कोणी सांगत नाही, याची मला नेहमी खंत वाटते. नंतर जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशातून काही नमुने, म्हणजे मारून पेंढा भरून ठेवलेले पक्षी, मिळवले, शेवटचा १८८४ मध्ये. सगळ्या संग्रहालयांत मिळून खरे नमुने सातच. त्यानंतर पक्षी गायब.

गायब म्हणजे कागदावर एक नोंद होती. रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ एक मारल्याचा दावा केला होता, नमुनाही दाखवला होता. शोधणाऱ्यांनी त्या नोंदीवर विश्वास ठेवला आणि वर्षानुवर्षं भलत्या जागी शोध घेतला. १९९० च्या दशकात पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा कळलं की तो डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेल्या नमुन्यांपैकीच एक. संग्रहालयातून चोरलेला, उसवून नव्याने भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. ती नोंद बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट एकोणिसाव्या शतकातल्या खऱ्या ठिकाणांकडे वळले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, भर उजेडात झाडावर बसलेला वनपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनी. दरम्यानच्या काळात वनपिंगळा म्हणून दाखवले गेलेले फोटोसुद्धा साध्या पिंगळ्याचेच निघाले होते.

मी खोटं लिहिलं नव्हतं, पण उतावळेपणाने लिहिलेली नोंदही वाचणाऱ्याला त्याच भलत्या वाटेवर नेते.

दुसरी फेरी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. साग अर्धा उघडा झाला होता, पायाखाली पानं पापडासारखी मोडत होती आणि त्या आवाजाने आमच्या आधीच सगळं रान सावध होत होतं. सकाळी एक रानपिंगळा मिळाला, ओळखण्यात शंकाच नाही असा, छातीपासून शेपटीपर्यंत पट्टेच पट्टे. मग साडेअकरापर्यंत घुबडाच्या नावाने काही नाही. ऊन चढलं. दादा म्हणाले, “बाई, नाल्याकडनं जाऊ, सावली हाय.”

नाल्याच्या पलीकडे एका निष्पर्ण शेंबटीवर, भर उन्हात, उघड्या फांदीच्या टोकाला घुबड बसलेलं होतं. आमच्याकडे पाठ. मी पाहिलं आणि मनातल्या मनात म्हटलं, पिंगळा. डिसेंबरात तोंड पोळलेलं असल्यामुळे आता ताकही फुंकून पीत होते. चार फोटो घेतले, वहीत ‘पिंगळा, एक, ११:४०’ लिहिलं आणि पुढे निघाले. दादा मात्र मागे वळून वळून पाहत होते.

“काय झालं?”

“ते येवढ्या उन्हात बसलंय,” ते म्हणाले. “गावातलं घुबाड नाय बसत असं. ते ढोलीत जातं.”

मी ऐकलं आणि सोडून दिलं. आज ते वाक्य आठवलं की वाईट वाटतं. पक्ष्याचं वागणं दादांनी बरोबर टिपलं होतं. वनपिंगळा दिवसा शिकार करतो आणि उघड्यावर बसतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्यांना ते रोजच्या पाहण्यातून कळत होतं आणि मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

आठ दिवसांनी रानपिंगळ्याचे फोटो शोधताना ते चार फोटो समोर आले आणि मी शेपटीपाशी थांबले. रुंद पांढरे पट्टे, मोजून घ्यावेत असे. पिंगळ्याच्या शेपटीवर बारीक, तुटक पट्टे असतात. इथे पांढरा आणि तपकिरी असे आडवे जाड पट्टे होते, टोकही पांढरं. पाठीवर काहीच नाही. एकसलग तपकिरी.

मी लगेच फोन उचलला नाही. आधी कागद घेतला आणि दोन रकाने केले. एकात काय दिसतंय ते लिहिलं, दुसऱ्यात ते आणखी कशामुळे दिसू शकतं ते. पाठ कोरी दिसते, पण भर दुपारच्या उन्हात फोटो जळलेला, म्हणजे फार पांढरट आलेला आहे, बारीक ठिपके उजेडात विरून गेले असतील. पट्टे रुंद दिसतात, पण जळलेल्या फोटोत पांढरा भाग पसरतो, म्हणजे मुळात ते बारीक असू शकतात. डोकं मोठं वाटतं, पण शेजारी मोजायला काही नाही. पाय दिसत नाहीत. पोट दिसत नाही. कागद संपला तेव्हा पहिला रकाना भरलेला होता आणि दुसराही.

मावशींनी फोटो बराच वेळ पाहिला असावा, कारण उत्तर रात्री उशिरा आलं. “मला वनपिंगळा वाटतो. पण ‘वाटतो’ एवढंच. पुन्हा जा, आणि यावेळी समोरून.”

मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला पुढे बोलवावं का, हा प्रश्न मी विचारला, हे प्रामाणिकपणे सांगते. त्यांचं उत्तर कडक होतं. हा वनपिंगळ्यांच्या विणीचा काळ. दुसरा नर आपल्या हद्दीत घुसला असं समजून पक्षी धावत येतो, ओरडत राहतो, अंडी-पिल्लांकडचं लक्ष उडतं, जागा ससाण्याला नाही तर शिक्र्याला कळते. तानसात २०१४ साली सुनील लाड आणि रोहिदास डगळे यांनी वनपिंगळ्याची नोंद केल्यावर तो पश्चिम घाटातही असल्याचं पहिल्यांदा जगासमोर आलं. मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवर, इतक्या वर्दळीच्या शहराजवळ. त्यानंतर फोटोसाठी येणाऱ्यांची रीघ लागली आणि काही जणांनी आवाज वाजवून वाजवून पक्ष्यांना भंडावून सोडलं. “तुला फोटो हवाय की ओळख?” मावशींनी विचारलं. मी म्हटलं, ओळख. “मग बसून राहा.”

फेब्रुवारीची पहिली फेरी रिकामी गेली. नाल्यापलीकडच्या उतारावर वणवा लागून गेला होता, जमीन काळी, वास उग्र. शेंबट उभी होती, फांदी रिकामी. दोन ठिकाणी ताज्या तोडीचे बुंधे दिसले. ढोली असलेली जुनी झाडं गेली की या पक्ष्याला घरटं करायला दुसरी जागा नसते. मी त्या दिवशी काहीही लिहिलं नाही.

फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार. आम्ही नाल्याच्या अलीकडे, कळंबाच्या बुंध्याला पाठ टेकून, सहा पन्नासपासून बसलो होतो. ठरवलेलं असं की दहापर्यंत जागा सोडायची नाही. पळस फुलला होता, काटेसावरीवर भांगपाड्या मैना आणि कोतवाल मध खात होते. थंडी सरली नव्हती.

सात वीसला आवाज आला. पिंगळ्याची चिरचिर नव्हती. रानपिंगळ्याचा वेग घेत जाणारा गुर्रर्र नव्हता. मऊ, घोटीव, दोन अक्षरी, ‘ऊ-वॉव’, मग थांबा, मग पुन्हा ‘ऊ-वॉव’. दादांनी माझ्या मनगटावर बोट टेकवलं. मी आधी वही काढली. मावशींची सूचना होती की जे ऐकलं ते आधी लिही, कारण पक्षी दिसला की कानांना ऐकलेलं आठवत नाही. ‘७:२०, दोन अक्षरी, गोड, नाल्यापलीकडून डावीकडे, सहा वेळा.’

सात चौतीसला तो शेंबटीवर आला. उडत आला तेव्हा पंखांचे पांढरे पट्टे ठळक दिसले. बसला आणि वळला. समोर.

मी मनाशी क्रम धरला. पोट. छातीवर तपकिरी रंग भरीव, जणू जाड उपरणं घेतलंय. त्याखाली दोन्ही बाजूंना आडवे पट्टे, मध्ये काही नाही. पोटाचा मधला भाग पायांपर्यंत शुभ्र, एकही खूण नाही. पाय जाड, पांढरे. सूर्य माझ्या पाठीशी, उजेड कोवळा, फोटो जळायचा प्रश्न नाही. शेपूट. तो ती डावीकडे-उजवीकडे झटकत होता, एखाद्याने हातरुमाल झटकावा तशी, आणि प्रत्येक झटक्याला रुंद पट्टे उलगडत होते. पाठ. त्याने मान फिरवली, मग अंग. कोरी. डोकं सगळ्यात शेवटी पाहिलं. मोठं, गोल, राखट, दोन पिवळे डोळे. कपाळावर अगदी जवळून मोजले तर तीन-चार पुसट टिंबं असतील.

वहीत लिहून झाल्यावर मग फोटो काढले. अकरा.

तो बावीस मिनिटं तिथे होता. दोनदा ओरडला. एकदा समोरच्या काळ्या, जळक्या उतारावर सरळ खाली झेपावला आणि परत येऊन बसला तेव्हा पायात सापसुरळी होती, शेपटी अजून वळवळत असलेली. वणव्याने गवत गेल्यामुळे ती उघडी पडली असावी. त्याने चोचीने तिचं डोकं दोनदा दाबलं. मग सापसुरळी चोचीत धरून तो काही क्षण नुसता बसला, इकडे-तिकडे पाहत, आणि तशीच घेऊन वरच्या अंगाला, जुन्या मोहांच्या दिशेने निघून गेला.

दादांनी इतका वेळ रोखलेला श्वास सोडला. “हेच ते,” ते म्हणाले. “उन्हातलं.”

मी वहीत जानेवारीची ‘पिंगळा, एक, ११:४०’ ही ओळ शोधली, तिच्यापुढे ‘बहुधा वनपिंगळा, सिद्ध नाही, पक्षी आधी दादांनी ओळखला’ असं लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण परत जाताना मोटारसायकल फार सावकाश चालवली आणि मोहाच्या रांगेकडे बोट करून सांगितलं, की लहानपणी बापाबरोबर मोहफुलं वेचायला यायचे तेव्हा असलंच एक घुबड वरून बघत असायचं.

रात्री मावशींना सगळं पाठवलं. फोटो, आवाजाचं वर्णन, वेळा, दोन रकान्यांचा नवा कागद. या वेळी दुसरा रकाना रिकामा होता. नेमकी जागा कुठेही जाहीर करायची नाही, हे आमचं आधीच ठरलं होतं.

फोन वाजला. “वनपिंगळा,” त्या म्हणाल्या, आणि मला भरून आलं. मग लगेच, “ती सापसुरळी त्याने खाल्ली का?”

“नाही. चोचीत धरून घेऊन गेला.”

“कुठे?”

“वरच्या मोहांकडे.”

मावशी थोडा वेळ गप्प होत्या. “म्हणजे मादी ढोलीत बसलीय. तो तिच्यासाठी नेत होता,” त्या म्हणाल्या. “आता पाऊस पडेपर्यंत तिकडे जाऊ नकोस. दादांनाही सांग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, यंदा त्या रांगेतला मोह वेचायला घरच्यांना पलीकडच्या बाजूने पाठवीन.